शून्य ब्रेक

“दिसायला काय गोजिरवाणी गाडी, आणि चाक उतरवायला गेलं की बाईमाणसाची कंबर जाते! पोटात बॅटरी भरलीय की दगडांची खाण?”

मावशी माझ्या अगदी तोंडाशी बसून पुटपुटत होती. पान्यावर पायाचा भार देऊन ती शेवटचा नट सोडवत होती. मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. चौकाच्या कोपऱ्यावर तिचं टायरचं दुकान आहे आणि हवा भरायला येणारे सगळेच तिला मावशी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

मित्रांनो, तिने त्या दुपारी उतरवलं ते चाक माझं. मी एका पांढऱ्या, विजेवर चालणाऱ्या गाडीचा पुढचा डावा टायर. वय अडीच वर्षं. तुमच्यात ह्या वयाचं पोर बोबडं बोलतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. आमच्यात हे उतारवय. पण मला उतरवलं ते बदलण्यासाठी नव्हतं. माझी तपासणी व्हायची होती. अकरा दिवसांपूर्वी शाळेसमोर एका बाईचा पाय माझ्याखाली आला आणि डॉक्टरांना तो गुडघ्याखाली कापावा लागला. चूक कुणाची, ते ठरायचं होतं.

माझी गोष्ट मात्र तिथून सुरू झाली नाही.

एका कारखान्यात तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. बाहेर आलो तेव्हा अंगभर रबराची बारीक लव होती आणि खाचा अशा खोल, की करंगळीचं नख त्यात बुडावं. एका कामगाराने मला थापटलं आणि म्हणाला, “हा वजनदार गाडीचा. ह्याला जास्त सोसावं लागणार.” तो बरोबर बोलत होता. बॅटरीमुळे विजेची गाडी जड असते. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला रे पडला की ती उसळी घेते, आणि पाय उचलला की स्वतःच स्वतःला मागे खेचते. हे सगळं ओढणं-खेचणं आमच्याच अंगावर येतं. म्हणून आमच्या भिंती जाड करतात. आतून स्पंजाचं अस्तरही लावतात, कारण इंजिनाची घरघर नसल्यामुळे गाडीत आमची कुरकुर ऐकू जाते आणि ती माणसांना आवडत नाही. कुरकुर ऐकूच येऊ नये अशी सोय माणसं आधीच करून ठेवतात, हे मी जन्मतःच शिकलो.

गाडी ज्या घरी गेली ते टेकडीवर होतं. घरात चार माणसं. आजोबा, ज्यांनी सगळी हयात वीजकेंद्रात काढली; त्यांचा मुलगा, जो एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचा; सून, जी इस्पितळात रक्त तपासायची; आणि नऊ वर्षांची नात. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आजोबा तिला खारुताई म्हणायचे. गाडी रोज चालवायची सून. सकाळी तीन वळणं उतरून खारुताईला शाळेत सोडायचं आणि तसंच पुढे इस्पितळात जायचं.

गाडी घेताना दुकानातल्या मुलीने सगळं समजावून सांगितलं होतं. महिन्यातून एकदा, सकाळी चाकं थंड असताना हवा तपासा. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्या. पाय उचलल्यावर गाडी मंदावते, त्यातून वीज परत बॅटरीत जाते, पण अधूनमधून ब्रेक नीट दाबत जा, नाहीतर चाकाआतल्या लोखंडी चकतीला, डिस्कला, गंज चढेल. आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असताना नुसत्या पाय उचलण्यावर विसंबू नका. बिचारी पाठ केल्यासारखं भरभर बोलत होती, म्हणून कुणी ऐकलं नाही. मुलगा गाडीचा रंग बघत होता. खारुताई मागच्या सीटवर उड्या मारत होती. आजोबांनी तेवढं वीज परत जाण्याचं ऐकलं आणि त्यांचे डोळे लकाकले.

खेळ काढला तो त्यांनीच. “ब्रेक दाबला म्हणजे मिळवलेली वीज रस्त्यावर सांडली, सूनबाई!”

“मग तुम्ही खाली पातेलं धरून बसा, बाबा,” सून म्हणाली. पण हसली, आणि खेळात उतरली.

खेळाचं नाव ‘शून्य ब्रेक’. ब्रेकला पाय न लावता दिवसभर गाडी चालवायची. घरी गाडी उभी करताना अलगद दाबलेला मोजायचा नाही. संध्याकाळी गाडी आत आली की खारुताई खडू घेऊन तयार. “आई, आज किती?” “शून्य!” की गॅरेजच्या भिंतीवर एक उभी रेघ. एकदा जरी ब्रेक लागला तरी सगळ्या रेघा पुसून पहिल्यापासून सुरुवात. मुलाची धाव नऊ रेघांपलीकडे कधी गेली नाही. सुनेचा मात्र हात बसला. लाल दिवा लांबून हेरायचा, पाय हळूच उचलायचा, गाडी रेषेवर अशी थांबवायची की पाणीसुद्धा हिंदकळू नये. तिलाच काय, मलाही त्याचा अभिमान होता. दिवसभर लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून आलेल्या बाईला ‘आज काय केलंस?’ असं घरात कोण विचारतं? भिंतीपाशी तेवढं विचारलं जायचं.

माझ्या चाकाच्या आत ब्रेकची डिस्क राहायची. आमचा शेजार जन्माचा. सुरुवातीला ती आरशासारखी चमकायची. दाबली गेली की तापायची, घासली जायची, स्वच्छ व्हायची. खेळ सुरू झाला आणि तिला काम राहिलं नाही. आधी एक तांबूस छटा आली, मग खरबरीत थर. रिकामं बसवलेल्याचं असंच होतं. माझं उलट. गाडी थांबवायचं सगळं काम आम्हा पुढच्या दोघांवर आलं, आणि आम्हाला मागे घ्यायचं कुणाला सुचलं नाही. त्यात हवा कमी, आणि चाक जरासं आत कललेलं. मी आतल्या कडेने झिजत गेलो, जिथे येता-जाता कुणाची नजर पडत नाही तिथे.

मावशीची पडली. अपघाताच्या महिनाभर आधी सगळं घर फिरायला निघालं होतं, तेव्हा तिने हवा भरता भरता माझ्या मागच्या बाजूला हात घातला आणि भुवई चढवली. “दादा, बाहेरून बघू नका, आतून बघा. आतल्या कडेला टक्कल पडलंय. पुढचे मागे केलेच नाहीत ना?”

“अजून नक्षी दिसतेय की, मावशी,” मुलगा म्हणाला.

“नक्षी साडीची बघावी. टायरची खोली बघतात.” मग तिने चाकाच्या फटीतून आत डोकावलं. “आणि हा गंज कसला? ब्रेक वापरत नाही का तुमच्यात कुणी?”

सगळे एकमेकांकडे बघून हसले. मागून खारुताई ओरडली, “आईचे चौदा दिवस झाले! शून्य ब्रेक!”

मावशी हसली नाही. “खेळायला अंगण कमी पडलं का?” एवढंच बोलली.

“पुढच्या महिन्यात आणतो गाडी,” मुलाने सांगितलं. पुढचा महिना आला तेव्हा भिंतीवर एक्केचाळीस रेघा होत्या.

त्या दिवशी मुलाला दुपारी गाडी घेऊन दूरच्या गावी जायचं होतं. एरवी आजोबा बॅटरी थोडी रिकामी ठेवायचे. त्या सकाळी त्यांनी ती काठोकाठ भरली. भरल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तशी भरल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही. मग पाय उचलला तरी गाडी स्वतःला मागे खेचत नाही, नुसती घरंगळते. आयुष्यभर वीज हाताळलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? होतं. पण ठाऊक असणं आणि त्या वेळी आठवणं ह्यात टेकडीएवढं अंतर असतं.

पहिल्या वळणावरच मला वेगळं वाटलं. दुसऱ्यावर गाडी मंदावेपर्यंत वळण संपलं होतं. तिसरं वळण घेतलं आणि खाली शाळा दिसली.

शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी एक बाई असायची. हातात लाल गोल पाटी, म्हणून मुलं तिला पाटीताई म्हणायची. बावीस वर्षं ती त्याच जागी उभी राहत होती. त्या सकाळीही उभी होती, पाटी वर धरून, आणि तिच्या पाठीमागून दोन मुलं चालली होती.

सुनेने पाय उचलला. मी वाट पाहिली. टायरला दिसत नाही, पण वरून हुकूम आला की नाही ते कळतं. हुकूम आला नाही. मी एक वेढा घेतला, दुसरा घेतला. असे सोळा वेढे मी रिकामे घेतले, मित्रांनो. सोळा वेढे म्हणजे तुमच्या वर्गाच्या चार खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल तेवढा रस्ता. मग ब्रेक आला, सगळ्या ताकदीने. डिस्क करकरली, तिच्या गंजावर पकड चटकन बसेना. त्याच जागी फुटक्या नळाचं पाणी आठवडाभर रस्त्यावर पसरलेलं होतं. पाणी बाजूला सारायला खाचा लागतात. माझ्या आतल्या कडेला त्या नव्हत्या. मी थरथरत, धडपडत घसरत गेलो. पाटीताईने दोन्ही हातांनी मुलांना मागे लोटलं. स्वतःला मागे घ्यायला तिच्याकडे तिसरा हात नव्हता.

पुढचं मी सांगणार नाही. मी तिच्यावर उभा होतो, आणि गाडी मागे घेईपर्यंत उभाच होतो.

मला एक गोष्ट तुमच्यापाशी मागायची आहे आणि ती मी इथेच मागून घेतो. घरी गाडी असेल, तर खाली वाकून टायरची आतली कड बघायला मोठ्यांना सांगा. खाचेत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. बाकीचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की आमचं आयुष्य संपलं, मग एक दिवसही ओढायचा नाही. हवा थंड चाकात बघायची. पाय उचलल्यावर गाडी थांबते ही सोय आहे, पण थांबवणं हे ब्रेकचं काम आहे, आणि समोर माणूस असेल तर तो दाबायचाच, लागो वा न लागो. पाठ केल्यासारखं बोलतोय ना मी? त्या दुकानातल्या मुलीसारखं. तरी ऐका.

पोलिसांनी पंचनामा केला, आणि पुढचे दोन दिवस गाडी घरीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा ओलं फडकं घेऊन गॅरेजमध्ये आले आणि भिंत पुसू लागले. खारुताई दारात येऊन उभी राहिली.

“का पुसताय, आजोबा?”

“घाण झालीय भिंत, बाळा.”

ती पुसट होत जाणाऱ्या रेघांकडे बघत राहिली. जागची हलली पण नाही.

त्या दिवसापासून त्या घरात खेळाचं नाव निघालं नाही. टायर झिजला होता, असं मुलगा फोनवर सांगायचा. नळ फुटला होता, असं आजोबा. बाई एकदम पुढे आली, असं दोघेही. सून नुसती मान हलवायची. खोटं म्हणावं असं फारसं कुणी बोललं नाही. ज्याला जेवढं खरं पेलवत होतं, तेवढं त्याने वेचून घेतलं.

मग गाडी तपासणीसाठी मावशीच्या शेडमध्ये आणून लावली. तिथे मला बाकीचं कळलं. पाटीताईच्या डोक्याला मार बसला होता आणि तिला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. वाचलेली मुलं पाच-सहा वर्षांची, ती नुसती रडत होती. शाळा तिला फाटकापाशी बसून करायचं काम द्यायला तयार होती. पण न बघता पुढे गेली, नियम तिने मोडला, असं कागदावर ठरलं तर तेही नाही. आणि बावीस वर्षांच्या नावाला बट्टा. “बाई स्वतःलाच विचारत बसते,” मावशी गिऱ्हाइकाला सांगत होती, “‘मी खरंच पाहिलं नव्हतं का?’ म्हणते.”

तर अशी ती दुपार. मावशीने मला भिंतीला टेकवलं. तपासणी अधिकारी खाली बसला, माझ्या खाचांत मोजपट्टीची सळई घालू लागला. बाहेरच्या कडेला चार मिलिमीटर. आतल्या कडेला एकसुद्धा भरेना.

“बघा, टायरच!” मुलगा पटकन म्हणाला. “आणि त्यात ती बाई अशी अचानक मध्ये आली...”

“तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं कुणी?” अधिकाऱ्याने विचारलं.

“मी सांगितलं होतं,” मावशी म्हणाली. तिने पुढचं बोलायला तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं, आणि हात पुसायचं फडकं उगाच घडी करत राहिली.

अधिकारी सुनेकडे वळला. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. अकरा दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघत होती. “ताई, गाडी तुम्ही चालवत होतात. बाई अचानक समोर आली, असं लिहू ना?”

“लिहा, लिहा,” आजोबा म्हणाले. “तिला नका विचारू. ती अजून धक्क्यातून सावरली नाही.”

“सही केली की झालं,” मुलगा हळूच म्हणाला. “चल, घरी खारुताई वाट बघतेय.”

अधिकाऱ्याने कागद पुढे केला. सुनेने पेन घेतलं, उघडलं आणि परत बंद केलं.

“अचानक नाही आली,” ती म्हणाली. “मला ती वळणावरूनच दिसली होती. पाटी वर धरून, तिच्या जागेवर. गाडी मंदावत नाहीये, हेही मला कळलं होतं. पाय ब्रेकवर नेला मी, आणि दाबला नाही. खेळ मोडेल म्हणून.”