वाकडी किनार

"थोडं वाकडं विणायचं, मावशी," विंडा म्हणाली आणि ओसरीवर बेर्गिताकडे विणकाम शिकणाऱ्या पाची पोरींचे हात थांबले.

बेर्गिता उठली नाही. माग कमरेलाच बांधलेला असतो. पाहुणा आला तरी विणणारीनं उठायचं नसतं. या पाहुणीसाठी ती एरवीही उठली नसती. विंडा बालीतल्या एका दुकानाची बाई. इथल्या, फ्लोरेस बेटावरच्या डोंगरांतल्या गरीब बायकांना आधार द्या, त्यांनी विणलेली कापडं घ्या, असं ते दुकान गिऱ्हाइकांना सांगे.

"वाकडं म्हणजे?"

"किनार जरा आतबाहेर. तुमची इतकी सरळ येते, की लोकांना वाटतं यंत्रावरचं आहे. हातानं केलेलं दिसायला नको का?"

"मग हातच पाठवते माझे. कापडाबरोबर बांधून."

पोरी खुसखुसल्या. विंडाही हसली, ती सगळ्यालाच हसे. तिनं पिशवीतून एक नमुना काढून दिला. बेर्गितानं तो दोन बोटांत धरला, मेलेला सरडा शेपटीला धरावा तसा.

"हेन्द्रिकाचं."

"बरोबर ओळखलंत!"

"त्यात काय ओळखायचं? काठावरून डुक्कर चालत गेलंय."

हेन्द्रिका तीन घरं पलीकडे राहायची. एखाद्या पोरीची ओळ वाकडी गेली की बेर्गिता म्हणे, "हेन्द्रिका झाली. उसव." चाळीस वर्षं गाव त्यावर हसत होतं. हेन्द्रिकाही हसायची, दुसरं करणार काय?

"त्यांची वीस कापडं आठवड्यात गेली," विंडा म्हणाली. "आता दुकान मुलींना शिकवायला एक बाई नेमणार आहे. तुम्ही जमवून घेतलंत तर तुम्हीच. नाहीतर हेन्द्रिकामावशी."

"वाकडं शिकवावं लागत नाही, बाई. ते आपसूक येतं. तुमच्या गिऱ्हाइकांना कापड नकोच आहे. कीव करायला काहीतरी हवंय. त्यांना फाटकं पोतं द्या, जास्त आवडेल."

विंडा हसत हसत गेली.

सोमवारी दुकानानं हेन्द्रिकाला नेमलं आणि पोरींनी आपापले माग गुंडाळले. सगळ्यांत मोठी सिसी दारात घुटमळली.

"आजी, रागावू नकोस. तिकडे उसवावं लागत नाही."

"जा. तिकडे वाकडं गेलं तरी बरोबरच असतं."

पोरी गेल्या. त्या पाठ टेकून बसायच्या तिथे भिंतीवर पाच तेलकट डाग राहिले. बेर्गितानं ते पुसायला फडकं ओलं केलं आणि तसंच वाळत टाकलं.

मंगळवारी हेन्द्रिका आली. काखेत बोचकं. शनिवारी तिच्या मुलीचं लग्न होतं, आणि मुलीकडून नवऱ्याच्या आत्यांना नेसायचं कापड द्यावं लागतं. ते दोन तुकडे जोडून होतं. हेन्द्रिकानं एका तुकड्यावर घोड्यांची डोकी विणली होती, दुसऱ्यावर धडं. किनारी वाकड्या, त्यामुळे पहिल्या घोड्याचं डोकं मानेवर बसलं होतं आणि शेवटच्याचं शेपटीवर.

बेर्गिता मनसोक्त हसली. "झकास! चिठ्ठी लाव, गरीब बाईनं केलंय म्हणून. आत्याबाईंना कीव येईल."

"त्या जोडावर नख फिरवून बघतात गं. पोरीला जन्मभर ऐकवतील."

"ऐकवू देत की."

"मी चाळीस वर्षं ऐकलंय," हेन्द्रिका म्हणाली. "कसं लागतं, मला ठाऊक आहे."

बेर्गिताचं हसू विरलं. तिनं पानाचा चोथा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"ठेव इथे. आणि निघ. तू समोर बसलीस की मला सुई टोचते."

तीन दिवस ती त्या कापडाशी झगडली. ओलं केलं, तुळईला बांधून ताणलं, जिथे जास्त होतं तिथे तांदळाच्या दाण्याएवढी घडी मागच्या बाजूला दाबली. टाक्यागणिक हेन्द्रिकाला एक शिवी हासडली. शुक्रवारी दुपारी शेवटच्या घोड्याला त्याचं डोकं मिळालं.

लग्नात नवऱ्याच्या थोरल्या आत्यानं कापड मांडीवर पसरलं. पहिल्या घोड्याच्या मानेवरच्या जोडाला नख टेकवून शेवटच्या घोड्याच्या मानेपर्यंत ओढत नेलं. नख कुठेच अडकलं नाही.

"कोणी केलं हे?"

हेन्द्रिकानं बेर्गिताकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"कोणी म्हणजे? मुलीच्या आईनं," बेर्गिता आधीच म्हणाली. "दुसरं कोण करणार?"

"तरीच!" आत्याबाई बाकीच्या बायकांकडे वळल्या. "गावच्या पोरी हिच्याकडे शिकतात म्हणे. अशीच बाई हवी शिकवायला."

बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्यामागे बसलेल्या सिसीनं मान खाली घातली.

आत्याबाई कापड उलटं करून बघणार, तेवढ्यात बेर्गितानं पानसुपारीची परडी उचलली आणि त्यांच्या दोन्ही हातांत ठेवली.