रेघ मारलेली दोन पानं

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. माझा जन्म २०१० साली पनवेलजवळच्या गव्हाण गावात झाला. मोनाली नावाच्या शिक्षिकेनं एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मला तयार केलं. माझी जात खुली. म्हणजे मला उघडायला अमुकच कंपनीचं सॉफ्टवेअर हवं, असं बंधन नव्हतं. कुठल्याही घरात मला दार उघडं आहे, याचा मला कोण अभिमान वाटे!

मोनाली कोळ्याची मुलगी. तिच्याच शाळेत शिकवणारी हादिया पनवेलची. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. मुलांसाठी त्या खाडीकाठच्या गोष्टींचं पुस्तक लिहीत होत्या, आणि मी पेनड्राइव्हमधून दोघींच्या घरी ये-जा करत होते. त्यांचा एक नियम होता. दुसरीचं लिखाण परस्पर पुसायचं नाही. नको वाटलं तर त्यावर रंगीत रेघ मारायची. रेघेखालचे शब्द शाबूत राहत. काढायचे की ठेवायचे, ते जिचे तिनं ठरवायचं. मुख्याध्यापिका सुनीताबाईंनी काही गोष्टी वाचल्या आणि म्हणाल्या, "पुस्तक शाळा छापेल." त्या दिवशी दोघी किती हसल्या!

त्या उन्हाळ्यात मोनालीनं वडिलांवर दोन पानं लिहिली. काशिराम होडी घेऊन समुद्रात गेले ते परतलेच नाहीत. एकेक ओळ लिहिताना ती उठून जाई, तोंड धुऊन परत बसे.

एका संध्याकाळी हादिया गव्हाणला आली. मोनाली चुलीपाशी बोंबील तळत होती. हादियानं संगणकावर ती पानं वाचली, डोळे पुसले. लहान मुलांना हे सोसेल का, अशी शंका येऊन तिनं दोन्ही पानांवर रेघ मारली. उद्या शाळेत बोलू, असं ठरवून, बस चुकेल म्हणून मला पेनड्राइव्हवर घेऊन ती धावतच निघाली.

घरी तिच्याकडे नुकतंच विकतचं सॉफ्टवेअर आलं होतं. त्यानं मला उघडलं खरं, पण माझ्या रेघा त्याला कळत नव्हत्या. हादियानं आपली गोष्ट पुरी केली आणि मला साठवायला गेली, तेव्हा पडद्यावर इंग्रजीत सूचना आली: या स्वरूपात काही गोष्टी टिकणार नाहीत, तरी साठवायचं का? तिनं न वाचताच 'हो' दाबलं. रेघ पुसली गेली आणि रेघेखालचे शब्दही गेले. मला ओरडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गडबड होती, बोलणं राहिलं. मोनालीनं मला घरी नेऊन जुन्या प्रतीवरच उतरवलं, म्हणजे तिथली पानंही गेली. मग वाचायला बसली. जिथे काशिराम होडी लोटत होते, तिथे थेट हादियाची गोष्ट सुरू. मध्ये एक रिकामी ओळसुद्धा नव्हती.

तिनं तिथल्या तिथे फोन लावला. "तुला माझा बाबा नको होता, तर तोंडावर सांगायचं!"

"मोना, मी फक्त रेघ मारली होती, अल्लाहची शपथ."

"रेघ कुठे हाय? तुझ्या सॉफ्टवेअरनं माझा बाप खाल्ला काय? तुमच्यासारख्यांना आमचं दुखणं कळायचंच नाय."

हादियानं हळूच विचारलं, "आमच्यासारख्यांना म्हणजे?"

मोनालीनं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात हादियाला ती सूचना पुन्हा दिसली. या वेळी तिनं ती वाचली आणि नवरा अलीला घेऊन ती गव्हाणला आली. मोनालीनं सगळं ऐकून घेतलं.

"पटलं," ती म्हणाली. "पण ती पानं परत लिहायला बसते, तर हात चालत नाय."

"आणि तू मला जे बोललीस, ते?" हादियानं विचारलं.

मोनाली चहाचं आधण ठेवायला उठली. चहा न घेताच हादिया निघून गेली. वर्षभरात ती अलीबरोबर कुवेतला गेली. सुनीताबाईंनी पुस्तकाचं दोनदा विचारलं, मग त्यांनीही नाद सोडला.

मित्रांनो, माझी जात खुली आहे, आजही मला कोणीही उघडू शकतं. पण कोणीच उघडत नाही. यंत्र काही विचारेल, तेव्हा थांबून वाचा. जुनी प्रत जपून ठेवा. आणि आपल्या माणसाचा राग आला, तर आधी त्याला विचारा, मग बोला. माझ्या दोघींना आता हे सांगून उपयोग नाही.