पेरूचं फिटिंग

भेस्तानच्या त्या गल्लीत मालतीबाईंनी शिवलेल्या ब्लाउजला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या पेरूला मात्र सगळी गल्ली नाव ठेवायची.

गेल्या वर्षी मालतीबाईंच्या दारात भुलाबाईची गाणी संपली, पोरींनी खिरापतीचा डबा हलवून ‘पेरू!’ असं बरोबर ओळखलं, चावा घेतला आणि अळ्या बघून थू थू करत उठल्या. मालतीबाईंची लेक हर्षदा रडत घरात पळाली. तो अपमान बाईंच्या जिव्हारी लागला.

त्यांचा नवरा धुडकू पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होता. शहरात प्लेग पसरला त्या सालापासून त्याला सडक्या फळाचा वासही खपत नसे. त्याने अंगणात विटा आणूनच टाकल्या. “यंदा एक बी अळी निंघनी तं झाड तोडी टाकसू. तठे मोरी बांधसू.”

“बांधा ना,” मालतीबाई म्हणाल्या, “पन दुसरीकडे.”

गाव सोडून आल्यावर या शहरात त्यांना आपल्या म्हणता येतील अशा दोनच गोष्टी होत्या, शिवणयंत्र आणि हे झाड. झाड त्यांनी स्वतः लावलेलं होतं. ते त्या सुखासुखी देणार नव्हत्या.

श्रावणात पेरू सुपारीएवढे झाले तेव्हा त्यांनी मिलमधल्या साड्यांच्या चिंध्या घेतल्या आणि फळांना पिशव्या शिवायला बसल्या. माशी फळापर्यंत पोचलीच नाही तर अंडी घालणार कुठे? हिशेब सरळ होता. पण शिवणारणीची खोड जाते कुठे! प्रत्येक पिशवी मापात, फळाला अशी घट्ट की कुठे सुरकुती नाही. शेजारच्या सरलाबाई बघून म्हणाल्या, “काय फिटिंग आहे हो!” मालतीबाईंची मान ताठ झाली.

पंधरा दिवसांनी दहा पिशव्या उघडल्या. आठ फळांत अळ्या.

मालतीबाई रडल्या नाहीत, चिडल्या. स्टूल टाकून सकाळभर झाडाखाली बसल्या. तेव्हा दिसलं. माशी येऊन पिशवीवर बसली आणि शेपूट कापडातून थेट सालीत खुपसून मोकळी झाली. कापड फळाला चिकटलेलं, मग तिला अडवणार कोण?

“हात् मेले,” त्या स्वतःलाच म्हणाल्या. “पेरूला काय लग्नाला जायचं होतं?”

त्यांनी सगळ्या पिशव्या उसवल्या. किडकी फळं कढत पाण्यात टाकून खोल पुरली आणि उरलेल्या बारक्या फळांना बाळाच्या झबल्यासारख्या ढगळ पिशव्या शिवल्या. वर नाडी, आत हवा, फळाला कापडाचा स्पर्श नाही. आयुष्यात इतकं बेढब काम त्यांनी केलं नव्हतं. रोज सकाळी खाली पडलेलं एकूण एक फळ, त्यातली अळी मातीत उतरायच्या आत, त्या उचलत होत्या.

भुलाबाईत त्यांच्या खिरापतीचा दिवस आला. पोरींनी डबा हलवला, ‘पेरू’ म्हणाल्या. पण हात कुणीच पुढे करेना. हर्षदा खाली बघत बसली.

“कापी दख आधी,” धुडकू कुजबुजला.

“नाही, कापायचं नाही,” मालतीबाई ठणकावून म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांत मोठा पेरू उचलला आणि अख्खाच्या अख्खा नवऱ्याच्या हातात ठेवला. “घ्या. सगळ्यांसमोर.”

धुडकूने चावा घेतला. आत बघितलं. दुसरा चावा घेतला. शेवटी देठ तेवढा उरला.

“आखो एक दे,” तो पुन्हा हात पुढे करून म्हणाला.

“आधी विटा उचला,” मालतीबाई म्हणाल्या आणि डबा पोरींपुढे सरकवला.