पौषातले साडेदहा टक्के

मित्रांनो, वसईतल्या एका बँकेच्या अडगळीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे ना, तोच मी, एक जुना व्याजदराचा फळा. हे तोंड आता कुणाला दाखवू?

हिरवं मखमली कापड आणि खाचांत बसवायचे पांढरे आकडे, असा माझा थाट होता. शिपाई शत्रुघ्न मला रोज पुसायचा. २००८ च्या दिवाळीत ठेवींसाठी त्याने माझ्यावर 'साडेदहा टक्के' लावले आणि मी नुसता फुगलो. जो तो मान वर करून माझ्याकडे बघायचा.

डिसेंबर सरता सरता वटारच्या जयवंतीबाई आल्या. वाडीचा तुकडा विकून आलेली रक्कम त्यांना ठेवायची होती. दरमहा येणाऱ्या व्याजावर त्यांच्या लेकीचं, नेत्राचं नर्सिंग कॉलेजचं हॉस्टेल चालणार होतं. काउंटरवरच्या विनिता मॅडम म्हणाल्या, आजच ठेवा, एकदा ठेवले की मुदतभर दर पक्का. पण नुकताच पौष लागला होता.

"पौषात आम्ही नवीन काही करत नाही," बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आणि दर फळ्यावर लिहिलाय की, पुढच्या महिन्यात ठेवू."

मी आणखीच ताठ झालो. मेल्या लाकडाला कसली ती ऐट!

तिकडे परदेशात मोठमोठ्या बँका बुडाल्या होत्या. आपल्याकडे पैसा आटू नये, कर्जं स्वस्त व्हावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने आपले दर भराभर उतरवले, बँकांच्या हाती जास्त पैसा सोडला. कर्जाबरोबर ठेवींचं व्याजही उतरलं. जानेवारीत शत्रुघ्नने माझे आकडे बदलले. साडेआठ. कामणच्या फेबियनला कारखान्यासाठी स्वस्तात कर्ज मिळालं, त्याचे सहा कामगार टिकले. ते चांगलंच झालं.

माघ लागताच जयवंतीबाई आल्या. त्यांनी मला दोनदा वाचलं. हॉस्टेलला पैसे कमी पडणार होते. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चूक माझीच," त्या मॅडमना म्हणाल्या. "नेत्राला सांगते, हॉस्टेल नको, घरूनच जा-ये कर."

मित्रांनो, एक गोष्ट सांगायला जीभ रेटत नव्हती. माझ्या तळाशी बारीक ओळ होती, 'दर केव्हाही बदलू शकतात.' दसऱ्याच्या प्लॅस्टिकच्या तोरणाने ती झाकली होती. तुम्ही मोठा आकडा वाचाल तेव्हा खालची ओळही शोधा, आणि ज्यांना ती दिसत नाही त्यांना वाचून दाखवा. मला हात नव्हते हे खरं. पण असते, तरी तेव्हा मी ते तोरण बाजूला केलं नसतं.