आरिस्तीच्या घाण्याची पैज

आरिस्ती नावाच्या घरात सफरचंदांचा घाणा नव्हता, घाण्याच्या भोवती आरिस्तीचं घर होतं. असं त्या घराची धनीण मार्सेलिना म्हणायची, आणि त्यात फुशारकी असली तरी खोटं काही नव्हतं. तिच्या खापरपणजोबांच्याही आधी कुणीतरी ओकची दोन अख्खी झाडं एकमेकांना जखडून तुळई केली, ती स्वयंपाकघराच्या भिंतीपासून थेट दारापर्यंत आडवी टाकली आणि तिला पाऊस लागू नये म्हणून वर घर चढवलं. तुळईचं शेपूट मागच्या दोन खांबांमध्ये, माळ्याच्या आडव्या वाशाखाली अडकवलेलं. दाराकडच्या टोकातून लाकडी मळसूत्र खाली उतरलेलं आणि त्याच्या बुडाशी, खड्ड्यात, बसलेल्या गाईएवढा दगड. मधे पाटावर कुटलेल्या सफरचंदांचा ढीग रचायचा आणि मळसूत्र फिरवायला लागायचं. तुळई ढिगावर बसत जायची, रस सुटायचा. शेवटी तुळई आणखी खाली यायला नाही म्हणाली की दगडच जमीन सोडून वर यायचा. तिथे माणसांचं काम संपलं. लटकलेला दगड एकटाच तुळई ओढत राहायचा आणि रस गळत राहायचा.

दगड उचलला जाताना बघणं हा मार्सेलिनाच्या वर्षातला सगळ्यात मोठा सण होता. नाताळ त्याच्या खाली. लहानपणी ती खड्ड्याच्या काठावर पोटावर झोपून बघायची, लग्नानंतर नवऱ्याच्या खांद्याला टेकून. नवरा, लूकास, गेला आणि घाणा बंद पडला. एकट्या बाईने आणि एकट्या मुलीने एवढं धूड कसं हलवायचं? सफरचंदं गाडीत घालून गावातल्या लोखंडी घाण्यावर जाऊ लागली. तुळईवर कोंबड्या बसू लागल्या.

आता मुलीचं, बिशेंताचं, लग्न ठरलं होतं. ती एकुलती एक, घर तिचंच. नवरा घरी नांदायला येणार होता. नवरा म्हणजे प्रुदेन, लाकूडतोड्या. जत्रेतल्या कुऱ्हाडीच्या शर्यतीत त्याच्यावर लोक पैजेला बैल लावायचे. स्वभावाने सरळ, बोलायला कमी, आणि डोक्यात एकच गोष्ट: सहा दुभत्या गाई आणि शहरात दूध.

"धनीणबाई," साखरपुड्याच्या जेवणानंतर तो म्हणाला, "गाई कुठे बांधायच्या?"

"गोठ्यात."

"गोठ्यात दोन मावतात. मी तुळईबद्दल बोलतोय."

मार्सेलिनाने हातातली बशी खाली ठेवली. बिशेंताने आढ्याकडे बघितलं. हा विषय निघणार हे तिला ठाऊक होतं आणि निदान गोड खाणं होईपर्यंत निघू नये एवढीच तिची इच्छा होती.

"ती सहा वर्षं नुसती पडलीय," प्रुदेन म्हणाला. "घराचं सगळं पोट तिनेच अडवलंय. मी एका सकाळीत तोडून देतो. लाकूड चांगलं आहे, गव्हाणी होतील."

"पडलेली नाही, झोपलेली आहे. उठव, मग बघ."

"उठणार नाही ती."

"लाव पैज."

एकदा हा शब्द उच्चारला की त्या डोंगरात माणूस मागे फिरत नाही, मग समोर सासू असो की बिशप. शर्ती तिथल्या तिथे ठरल्या. येत्या शनिवारी आरिस्तीची सफरचंदं आरिस्तीच्या घाण्यावर घालायची. संध्याकाळच्या घंटेआधी दगड जमिनीवरून उचलला गेला आणि त्याच्याखालून प्रुदेनची गोल टोपी या बाजूने घालून त्या बाजूने काढता आली, तर तुळई राहील. नाहीतर कुऱ्हाड. हातावर हात मारून झालं. मग मार्सेलिनाला रात्रभर झोप लागली नाही, कारण तुळई गेली तर घरात राहून ती नेमकं कशाकडे बघणार होती?

तयारीत मात्र तिने कसर ठेवली नाही. कोंबड्या हाकलल्या, मळसूत्राला चरबी चोळली, तुळईचा प्रत्येक सांधा कपड्याने पुसला. त्याच आठवड्यात लग्नाचीही गडबड होती. पाहुणे नाचणार कुठे, तर माळ्यावर. जोडपं झोपणार कुठे, तर माळ्याच्या दक्षिण कोपऱ्यात. म्हणून बिशेंताने आणि तिने मिळून माळा रिकामा केला. वर्षानुवर्षांचं गवत, मक्याची कणसं, शेंगांची पोती, जुन्या पेट्या, फुटकी चरखी, सगळं मागच्या पडवीत नेऊन टाकलं आणि भिंतींना वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र चुना मारला. शेजारणी येऊन बघून गेल्या. एकीने तर तोंडावर कौतुक केलं, म्हणजे खरंच छान झालं असणार.

शनिवारी सकाळी चार तरणी पोरं मोगऱ्या घेऊन आली आणि कुटायला लागली. दुपारपर्यंत ढीग तयार झाला, पाटावर चौकोनी रचला, वर फळ्या ठेवल्या. मग पोरांनी रिवाजाप्रमाणे एक फळी दोन टोपल्यांवर आडवी टाकली आणि मोगऱ्यांनी ताल धरला. तो ठेका दरीभर ऐकू जातो आणि त्याचा अर्थ एकच: आरिस्तीत सफरचंदं कुटून झाली, जेवायला या. सहा वर्षांनी तो आवाज निघाला होता. मार्सेलिना दारात उभी राहून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलंही नाही.

पोरं मळसूत्राच्या दांड्याला लागली. तुळई करकरली, हलली आणि खाली यायला लागली. पाटाच्या तोंडातून पहिली धार लागली. प्रुदेन हाताची घडी घालून खड्ड्यापाशी उभा होता. पैज लावलेला माणूस त्या दिवशी पाहुणा असतो, म्हणून त्याला कुणी दांड्याला हात लावू देत नव्हतं, आणि पोरं चुकीच्या लयीत ढकलतायत हे बघून त्याचा जीव कासावीस होत होता.

मग धार बारीक झाली. पोरं फिरवत होती, मळसूत्र फिरत होतं, आणि दगड ढिम्म. तेवढ्यात, शेपटाकडे बघायला मागे गेलेल्या मार्सेलिनाच्या डोक्यावर काहीतरी पडलं. चुना. तिने वर बघितलं. मागच्या खांबांवर, तिने स्वतःच्या हाताने रंगवलेल्या भिंतीत, एक सरळ चीर पडली होती आणि त्या चिरेतून उजेड दिसत होता.

"थांबा रे," ती म्हणाली.

पुढचं टोक खाली खेचलं की शेपूट वर उठू बघतं. आजवर ते उठलं नव्हतं, कारण वर माळा होता आणि माळ्यावर ऑक्टोबरात गवत, मका, शेंगा असं सालभराचं सगळं साठलेलं असायचं. माळ्याचं ओझं वाशावर आणि वाशाचं शेपटावर. रिकाम्या माळ्याखाली कुणी घाणा चालवलाच नव्हता, त्यामुळे हे कुणाला कळण्याचा प्रश्नच आला नव्हता. आणि आता मार्सेलिनाने आपल्याच घाण्याचं बूड आपल्याच हाताने उचलून पडवीत नेऊन टाकलं होतं.

ती मटकन बाकावर बसली. "मीच केलं," ती म्हणाली. "झाडून पुसून, वर चुना लावून केलं."

"गवत परत चढवू," बिशेंता म्हणाली.

"घंटेआधी? तीन दिवस लागले उतरवायला."

नेमके तेव्हाच दारातून पाहुणे यायला लागले. फळीचा ठेका ऐकून अख्खी दरी निघाली होती. सगळ्यांत पुढे पाचिको, आरिस्तीचा पहिला शेजारी. घरात कुणी मेलं तर सगळ्यांत आधी त्याला सांगायचं आणि डुक्कर कापलं तर पहिला तुकडा त्याला पाठवायचा, असं ते नातं. म्हातारा, अंगाने आडवा, आणि भूक नेहमी शाबूत.

"कोण गेलं?" सगळ्यांचे चेहरे बघून त्याने विचारलं.

त्याला सांगितलं. त्याने चीर बघितली, माळ्याकडे बघितलं, स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

"शेंगांची पोती किती होती गं वर?"

"काय करायचंय?"

"मी दोन पोत्यांच्या बरोबर आहे. जेवण वर पाठवशील ना?" आणि तो शिडी चढायला लागला.

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग बिशेंता हसत सुटली आणि एकेकाला शिडीकडे ढकलायला लागली.

"हे काय?" प्रुदेन म्हणाला. "पैज घराची होती. गावाची नव्हे."

"पहिल्या शेजाऱ्याला घरातच मोजतात," वरून पाचिकोचा आवाज आला.

"आणि बाकीचे?"

"ते कुणाचे ना कुणाचे पहिले शेजारी आहेतच."

"प्रुदेन," बिशेंता म्हणाली, "माळा कुणाच्या लग्नासाठी रिकामा केला?"

प्रुदेनने थोडा विचार केला. खोटं बोलता येत नसलेल्या माणसाला फार विचार करावा लागत नाही. "माझ्या," तो म्हणाला. "बरं. चढू द्या."

माणसं चढत राहिली. बाया, पोरंटोरं, पाद्री एमेतेरियो, ज्यांना मागून दोघांना रेटावं लागलं आणि जे वर पोचताच भिंतीतली चीर बोटभर मिटली. सगळ्यांना मागच्या बाजूला, खांबांच्या वर दाटीवाटीने बसवलं. खालून कॉड माशाचं आम्लेट, मक्याच्या भाकऱ्या आणि भाजलेले चेस्टनट टोपल्यांतून वर गेले. पोरांनी पुन्हा दांडा धरला. धार पुन्हा जाड झाली. पण दगड अजून जमिनीला चिकटलेला.

"अजून वजन," पाचिको ओरडला. "पोरांना वर पाठवा."

"मग फिरवणार कोण?"

मग प्रुदेनने टोपी काढून खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि दांड्याशी गेला. "मी फिरवतो," तो म्हणाला. "चौघं जण चार दिशांना ढकलतायत. बघवत नाही मला."

पोरं वर गेली. बिशेंताही गेली. खाली उरले प्रुदेन आणि मार्सेलिना. दांडा अर्धा फेरा फिरला आणि अडकला. वरचा वासा कण्हत होता. अगदी थोडं कमी पडत होतं, हे दोघांनाही दिसत होतं, आणि ते थोडं म्हणजे कोण, हेही.

मार्सेलिना खड्ड्यापाशी उभी होती, नेहमीच्या जागेवर. सहा वर्षं ती या घडीची वाट बघत होती. वर गेली तर दगड उचलला जाईल, पण तिला दिसणार नाही. आणि खाली बघणारा एकच माणूस राहणार, ज्याला दगड उचलला जायलाच नको आहे. टोपी गेली की नाही, हे त्याने सांगायचं आणि तिने ऐकायचं.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो घामाघूम झाला होता आणि दांडा सुटू नये म्हणून छातीने रेटून उभा होता. जो माणूस हरण्यासाठी एवढा जोर लावतो, त्याला काय म्हणावं? तिने झग्याचे घोळ वर खोचले आणि ती शिडी चढली.

माळ्यावर सगळ्यांनी तिला जागा करून दिली. ती पाचिको आणि पाद्री एमेतेरियो यांच्या मधे जाऊन बसली. कुणी चावेना. खालून फक्त करकर, मग धारेचा आवाज, मग धारेचा मोठा आवाज. मग करकर थांबली.

बराच वेळ काहीच नाही.

"प्रुदेन?" बिशेंताने हाक मारली.

"थांब जरा."

"काय झालं?"

"टोपी शोधतोय." आणखी थोडा वेळ गेला. मार्सेलिनाने डोळे मिटून घेतले होते. मग खालून आवाज आला, आणि त्या आवाजात असं काही होतं की ते तिने त्या पोराच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं. "धनीणबाई, टोपी गेली. या बाजूने घातली, त्या बाजूने काढली. मी परत एकदा घालून बघितली, तरी गेली."

माळ्यावर एकच गलका झाला. पाचिको उठायला लागला तसा खालून प्रुदेन गरजला, "कुणी जागचं हलायचं नाही. उतरलात तर दगड बसेल. रस संपेपर्यंत सगळे वरच."

मग संध्याकाळची घंटा झाली आणि पाद्री एमेतेरियोंनी बसल्या जागी प्रार्थना म्हटली, आणि प्रुदेन, जो सकाळपासून पाहुणा होता, तो खाली एकटाच यजमान होऊन बसला. मडकी भरून ताजा रस वर देत होता, रिकाम्या टोपल्या खाली घेत होता, भाकऱ्या शेकत होता आणि निम्म्या करपवत होता. वर गाणी सुरू झाली. बसून जेवढं नाचता येतं तेवढं लोक नाचले.

मार्सेलिना माळ्याच्या भोकापाशी ओणवी झाली. तिथून तुळई दिसत होती, पण दगड नाही.

"प्रुदेन, कसा दिसतोय रे?"

"कोण?"

"दगड."

"फिरतोय," तो म्हणाला. "अगदी हळू. अर्धवट वळतो, थांबतो, मग उलटा वळतो. खालून ओला आहे. एवढं मोठं धूड आणि हाताने ढकललं तर हलतं हो. मी ढकलून बघितलं." आणि मग, तिने काही न विचारता, "मला वाटलं नव्हतं की असं असेल."

तिला वाटलं होतं की जिंकल्याचा आनंद होईल. झाला तो वेगळाच होता, जास्त मोठा. आता तिच्याखेरीज आणखी कुणीतरी तो दगड तिच्या डोळ्यांनी बघितला होता.

"दगडाच्या पलीकडे दोन गाई मावतील," खालून प्रुदेन म्हणाला. "मी मोजलं. गोठ्यातल्या दोन धरून चार. चार पुरे आहेत."

"सहाही मावतील. माझी खोली घे, स्वयंपाकघराच्या शेजारची. भिंत पाड. मी वर झोपेन, इथे, तुळईच्या शेपटावर."

"थंडी वाजेल तुम्हाला."

"गवत भरेन की भोवती."

"उत्तम," पाचिको म्हणाला. "म्हणजे पुढच्या साली गवत अर्धंच चढवलं तरी चालेल."

मार्सेलिना हसायला लागली. मग शेजारी बसलेले पाद्री एमेतेरियो हसायला लागले, आणि त्यांचं हसणं पोटातून निघत असल्यामुळे सगळा माळा हसायला लागला, इतका की खालून प्रुदेनचा कासावीस आवाज आला, "हळू हसा, दगड डुलतोय."