हमीदचाचांनी न मारलेली कानस

मुंबईच्या एका बंदूकविक्रेत्याने मला फसवले, आणि मी हमीदचाचांना फसवले. पहिल्या फसवणुकीत एक रायफल होती, दुसरीत माझी सही. नुकसान मात्र एकट्या हमीदचाचांचे झाले, ज्यांनी आयुष्यात कुणाला फसवले नाही.

ते आठवतात ते आधी कानाला. पितळेचे काडतूस अंगठ्याने मॅगझिनमध्ये दाबले की एक बारीक, आज्ञाधारक आवाज होतो. त्या आवाजानंतर ते जी शांतता ठेवत, तिच्यात मार्गशीर्षातली सकाळ मावत असे. पोफळींच्या झावळ्यांतून गाळून आलेले ऊन त्यांच्या पडवीत हिरवट होऊन उतरायचे, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्यांचा तुरट वास आणि बंदुकीच्या तेलाचा जड वास एकमेकांत मिसळायचा, आणि पलीकडून समुद्र आपली एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत असायचा. त्या सगळ्यात हा उंच, किडकिडीत म्हातारा मान एका बाजूला कलवून बसलेला. डॉक्टर छातीला कान लावतो तसा.

श्रीवर्धनच्या आसपास परवान्याच्या जेवढ्या बंदुका आहेत, त्यांतल्या बहुतेक त्यांच्या हाताखालून गेल्या. ठासणीच्या जुन्या, गंजाने थकलेल्या, आजोबांकडून नातवाकडे आलेल्या. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले लोखंड ते अशा हळुवारपणे पुसत, की वाटावे, ताप उतरलेल्या मुलाचे अंग पुसत आहेत. बोटे लांब होती, टोकांशी चपटी झालेली, आणि त्यांना घाई ठाऊक नव्हती. मला फक्त घाईच ठाऊक. माझा बाप दुसऱ्यांच्या वाड्यांत पोफळीवर चढून सुपारी उतरवायचा. मी त्याच सुपारीचा व्यापारी झालो, भांडून, घासाघीस करून, आवाज चढवून. पैसा आला तेव्हा मला परवान्याची रायफल हवीशी वाटली. नेमबाजीचा सराव हे कागदावरचे कारण. खरे कारण असे, की ज्यांच्या वाड्यांत बाप चढला त्यांच्या भिंतींवर बंदुका टांगलेल्या मी लहानपणी पाहिल्या होत्या.

ती बावीस बोअरची अर्धस्वयंचलित रायफल विक्रेत्याने माझ्या हातात ठेवली तेव्हा म्हणाला, "शेट, एकदम कोरा माल. वापरलेली आहे, पण आतमध्ये कुणाचा हात नाही लागलेला." सुपारीच्या प्रत्येक पोत्यातली दहा फळे अडकित्त्याने कापून आत पाहिल्याशिवाय मी भाव बोलत नाही. त्या दिवशी चकाकी पाहिली आणि अडकित्ता विसरलो.

सरावाच्या मैदानावर पहिली दोन काडतुसे सुरळीत जात. तिसरे वाटेतच तोंड वर करून अडकायचे. कधी चौथे. संतापून मी रायफल हमीदचाचांच्या पडवीत आणून आपटावी तशी ठेवली.

"हलू ठेव रं," ते म्हणाले. "तिनं काय केलंय तुला?"

"काडतूस गिळत नाही, चाचा. आजच्या आज करून द्या."

"आज? लगीन हाय काय हिचं?"

त्यांनी ती लगेच उघडली नाही. त्यांची रीत वेगळी होती. स्वतः घडवलेली भरीव पितळेची खोटी काडतुसे ते घेत, त्यांच्या नाकाला काजळाचे बोट लावत, आणि मग हाताने, एकेक, इतक्या सावकाश आत सरकवत की बघणाऱ्याला जांभई यावी. काडतूस बाहेर काढले की काजळ कुठे पुसले गेले ते उन्हात धरून बघायचे. वाट कुठे अडते हे ते काजळ सांगे. डबी अमीनाचाचींची होती. त्या आतून ओरडल्या, "माजं काजल डोल्यांत कमी आनि तुमच्या बंदुकीत जास्त!"

"तिला पन दिसाया नको काय गं?" चाचा म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर आवाज न करता हसले. हसताना त्यांचे फक्त खांदे हलत.

तीन सकाळी गेल्या. काडतुसे त्यांनी ओळीने मांडली, मॅगझिन बदलून पाहिले, स्प्रिंग काढून तळहातावर दाबून पाहिली, पुन्हा बसवली. लोखंडाशी त्यांचा हा संवाद मी दारात उभा राहून ऐकत असे आणि पोटात राग शिजवत असे. चौथ्या सकाळी त्यांनी मला भिंग दिले. मॅगझिनमधून नळीकडे जाणारा तो इवलासा उतार, ज्यावरून काडतुसाचे नाक घसरत आत जाते, त्यावर आडवे ओरखडे होते. शेतातल्या कोरड्या सरींसारखे.

"कानस," ते म्हणाले. "कुनीतरी उतार घासून खाली नेलाय. स्प्रिंग पन हलकी, दुसरीच. सुधरवायला गेला आनि खाल्ली हिला."

"मग तुम्ही भरून काढा."

"काढलेलं लोखंड परत बसत न्हाय, शेट. परत दे ज्याची त्याला." एवढे बोलून त्यांनी पितळेची काडतुसे एकेक पुसून कापडात गुंडाळली. दुसऱ्याच्या बंदुकीवर कानस चालवायची नाही, हा त्यांचा नेम अख्ख्या पाखाडीला ठाऊक होता. त्यांच्या बाकावर कानस होती, पण ती फक्त स्वतः घडवलेल्या भागांसाठी.

त्यांचा आणखी एक नेम होता, आणि तोच त्यांना भोवला. दुरुस्तीला आलेली बंदूक कशा अवस्थेत आली हे ते कधी लिहून घेत नसत. परवाना क्रमांक, नाव, तारीख, बस. मी एकदा हसलो होतो, म्हणालो होतो की मी पोत्यावरचा डागसुद्धा पावतीवर लिहितो. त्यावर ते म्हणाले होते, "मानूस बंदूक घेऊन दारात येतो. त्याच्या समोर बसून तिच्या जखमा लिवायच्या? म्हंजे उद्या तू खोटं बोलशील असं त्याला आजच सांगायचं?" आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कारागिरांत ही रीत होती. लिहिणे म्हणजे संशय, आणि संशय म्हणजे उंबऱ्यावरच केलेला अपमान.

विक्रेत्याकडे मी रायफल घेऊन गेलो आणि त्याच्या काउंटरवर मूठ आपटली. तो शांत होता. मला खुर्ची दिली, थंड पेय मागवले. "शेट, बदलून देतो. फक्त एक कागद लागेल. गावच्या मिस्त्रीने कानस मारली, त्यानंतर बिघाड आला, असं. माझ्या भागीदाराला दाखवायला. कागद माझ्या खणात राहील, बाहेर जाणार नाही."

मी वाचले. वाचूनच सही केली. मला बदली रायफल मिळत होती, मी घासाघीस जिंकत होतो, आणि जिंकताना मला दुसरे काही दिसत नाही. परतीच्या वाटेवर रेवसच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा चिखलातल्या होड्यांवर ऊन पडले होते आणि मी शीळ घालत होतो.

कागद खणात राहिला नाही. विक्रेत्याच्या दुकानाच्या सरकारी तपासणीत त्या रायफलीतला नोंद नसलेला बदल उघड झाला, तेव्हा विक्रेत्याने माझी सही पुढे केली. हमीदचाचांचा दुरुस्तीचा परवाना नूतनीकरणाला गेला होता. तो तिथेच थांबला. आलेल्या बंदुकीची अवस्था दाखवणारी नोंद त्यांच्याकडे मागितली गेली. नोंद नव्हती. एका दुपारी परवाना कार्यालयाची दोन माणसे येऊन त्यांची अवजारे मोजून कपाटात बंद करून गेली. परवान्याशिवाय बंदुकीला हात लावणे गुन्हा आहे, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्यांनी स्वतःच किल्ली काढून दिली.

मी गेलो. अमीनाचाची दारात उभ्या होत्या. "ह्याला कसला चहा द्यायचा?" त्या मला ऐकू जाईल असे म्हणाल्या.

"दे," आतून आवाज आला. "घरात आलाय."

चाचांनी मला एकच प्रश्न विचारला. "वाचून सही केलीस?"

"हो."

त्यांनी मान हलवली, जणू काडतूस कुठे अडले ते सापडले. ते माझ्यावर ओरडले असते तर मी परत ओरडलो असतो, आणि दोघांचेही काहीतरी हलके झाले असते. त्यांनी मला तेवढीही सवलत दिली नाही.

परवाना कार्यालयात मी दुसरा कागद दिला. पहिला खोटा होता, रायफल आधीच घासलेली होती, असा. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोन्हींवरच्या माझ्या सह्या पाहिल्या आणि कंटाळून विचारले, "साहेब, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" आयुष्यभर समोरच्याला शब्दांत पकडून मी धंदा केला. त्या टेबलासमोर मीच माझ्या शब्दांत पकडला गेलो. रायफल विकताना ती कशी होती हे सांगू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो सांगत नाही. फोन उचलत नाही. त्याच्या दुकानात मी गेलो की तो आतल्या खोलीत असतो.

हमीदचाचा आता पडवीत बसतात. अवजारे नसलेल्या त्या हातांना सुरुवातीला काय करावे ते कळत नसे. ते उगाच लुंगीची कड चाचपत, हवेतच काहीतरी सरकवत. हल्ली तेही कमी झाले आहे. उजव्या हाताला कंप आला आहे. परवा त्यांनी माझ्यासमोर भिंगाचे नाव आठवायला बराच वेळ घेतला, आणि आठवल्यावर लहान मुलासारखे खूश झाले. माणूस जातो तेव्हा त्याचे कौशल्य त्याच्याबरोबर जाते असे आपण समजतो. पण काम काढून घेतले की कौशल्य आधी निघून जाते, रोज थोडे, ओहोटीच्या पाण्यासारखे, आणि माणूस मागे उरतो, ओल्या वाळूसारखा, कुठपर्यंत पाणी होते याची नुसती खूण अंगावर घेऊन.

मी दमलो आहे, पण गप्प बसणारा नाही. त्या विक्रेत्याने श्रीवर्धनला यावे. दिवसाढवळ्या, या पडवीत, चाचांच्या आणि चाचींच्या समोर उभे राहून सांगावे की तो उतार कुणी घासला, आणि तेच लिहून द्यावे. माझ्या सहीचा जाब मला विचारा, मी तिथेच उभा राहीन. पण हे आता व्हावे. त्या बोटांना अजून थोडे आठवते आहे तोवर मला उत्तर हवे आहे.