उद्या म्हणजे नक्की कधी?

‘फू… फू… हॅलो…’

माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज हा. आवाज कसला, फुंकरच ती. फुंकणारे होते तारकाका. मी भोंगा बोलतोय. वीज सहकारी संस्थेच्या जीपच्या टपावर बसून सभासदांना निरोप सांगणारा. खरं तर स्वभावाने मी मितभाषी. पण नशिबी ओरडणं आलं, त्याला काय करणार?

तारकाका संस्थेचे वायरमन. खांबावर चढायचे तेच आणि माइकवर बोलायचेही तेच.

“ऐका हो खालच्या आळीचे! आज दुपारपर्यंत लाईट नाही. दळण आत्ताच टाका, टाक्या भरून घ्या. आणि शिंपीमामा, लाईट गेली तरी इस्त्रीचं बटण बंद करा. मागच्या खेपेला सदरा जाळलात!”

शिंपीमामा दारात येऊन हात जोडायचे. लोक हसायचे, पण टाक्या भरायचे.

मग काका निवृत्त झाले आणि सचिवसाहेबांच्या डोक्यात सुधारणा शिरली. रोज माणूस कशाला बोलायला हवा? त्यांनी स्वतःच्या आवाजात निरोप भरून घेतला. “सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, देखभालीच्या कामाकरिता उद्या सकाळी दहापासून सायंकाळपर्यंत वीजपुरवठा खंडित राहील.” आवाज खणखणीत. उद्या म्हणजे कोणता वार, तेवढं सांगायचं राहिलं.

एकदा थंडीच्या दिवसांत ड्रायव्हरने संध्याकाळी वरच्या आळीत जीप फिरवली. अंधार पडला, जीप शेडमध्ये गेली. राहिलेली खालची आळी त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. निरोप तोच. वरच्या आळीचा ‘उद्या’ तर उजाडलासुद्धा होता, आणि खालच्या आळीला मी ओरडून सांगत होतो, उद्या!

मला कळत होतं हो. पण भोंग्याला तोंड असतं, जीभ नसते. माझ्या हातात एकच, खरखर. ती मी जीव तोडून केली. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून मला एक चापट ठेवून दिली आणि माझ्या नरड्यातून आणखी स्वच्छ निघालं, ‘उद्या!’

तेवढ्यात कोंबडीवाल्या वहिनी जीपला आडव्या आल्या. इतकी वर्षं त्या विजेवरच्या यंत्रात दुसऱ्यांची अंडी उबवून द्यायच्या. यंत्रातली ही पहिली खेप त्यांची स्वतःची होती.

“भाऊ, उद्याच ना नक्की? पिल्लं निघायला लागलीत. कवचातून चोची दिसतायत. आज यंत्र गार पडलं तर सगळं जाईल. तसं असेल तर भाऊजींचं जनरेटर आत्ता आणते.”

“अहो वहिनी, संस्थेची गाडी आहे ही! स्वतःच्या कानांनी ऐकलंत ना? उद्या म्हणजे उद्या. कशाला उगाच धावाधाव?”

वहिनी निर्धास्त होऊन घरात गेल्या. मी पुन्हा खरखरलो. पुन्हा चापट.

आम्ही आळीच्या टोकाला पोचतो न पोचतो तोच दहा वाजले आणि लाईट गेली. भाऊजी तोवर जनरेटर घेऊन मळ्यात गेले होते, पार लांब. वहिनींनी यंत्रावर घरातली सगळी पांघरुणं घातली, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. संध्याकाळी चार-दोन पिल्लं तेवढी हलत होती. बाकीच्या चोची कवचाबाहेर येऊन तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी कार्यालयात आल्या. मी बाहेर जीपवर होतो, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

“सभासदांना पूर्वसूचना दिली होती,” सचिवसाहेब म्हणाले. “तुम्हीच म्हणता, ऐकली.”

“ऐकली म्हणून तर बसून राहिले हो! नसती ऐकली तर बरं झालं असतं.”

संस्थेने मात्र विषय मनावर घेतला. सभा झाली, चहा झाला, गोंधळ ‘उद्या’ या शब्दामुळे झाला असं एकमताने ठरलं. तो शब्द काढला. आता मी ओरडतो, “ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी वीजपुरवठा खंडित राहील.” सचिवसाहेब म्हणाले, आता चूक होणं शक्यच नाही. खरंच आहे. काही सांगितलंच नाही तर चुकणार काय, कपाळ?

माझा पत्रा आता गंजलाय. फार मागणं नाही. माझ्या तोंडी काही घालण्याआधी ते एकदा स्वतः, सभासदाच्या दारात उभं राहून ऐका. आणि मी खरखरलो तर मारण्याआधी जरा विचारा, म्हाताऱ्या, काय झालं?

काल खालच्या आळीत गेलो होतो. वहिनी दारात केर काढत होत्या. ड्रायव्हरने गाडी हळू केली, मान खाली घालून विचारलं, “वहिनी, निरोप कळला ना?”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. वर, माझ्याकडे पाहिलं. मी ओरडतच होतो, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. त्यांनी सगळा निरोप शेवटपर्यंत ऐकून घेतला, केरसुणी भिंतीला टेकवली आणि आत निघून गेल्या.